एक गुन्हा, तीन शेवट : भारतातील फाशीच्या वादाचा इतिहास

१/
६ ऑक्टोबर १९८१. त्या दिवशी एका कैद्याला फाशी देण्यात आली. त्याच गुन्ह्यातील दुसऱ्या कैद्यालाही त्याच दिवशी फासावर चढवायचे ठरले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तो वाचला. तिसरा साथीदार तर चार वर्षांपूर्वीच फाशीच्या छायेतून बाहेर पडून जन्मठेप भोगत होता. गुन्हा एकच, पुरावा तोच, प्रत्येकाचा वाटाही सारखाच. मग शेवट तीन निराळे कसे झाले? फाशीच्या शिक्षेविषयी भारतात झालेल्या वादाचा गाभा या प्रश्नात आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
उत्तर प्रदेशातील पिलिभीतचा हा खटला. एका कुटुंबातील चौघांच्या हत्येचा आरोप चार जणांवर होता. त्यांपैकी एक पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. उरलेल्या तिघांना १९७५ साली सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती कायम केली. इथवर तिघांची वाट एकच होती. पुढे मात्र तिघांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार वेगवेगळ्या वेळी ठोठावले, आणि प्रत्येक वेळी आत निराळे न्यायमूर्ती बसलेले होते.

३/
१९७६ मध्ये पहिल्याचा अर्ज फेटाळला गेला. १९७७ मध्ये दुसऱ्याचे अपील दुसऱ्या पीठापुढे आले आणि त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. १९७८ मध्ये तिसऱ्याचा अर्ज तिसऱ्या पीठाने फेटाळला. साथीदाराला जन्मठेप मिळाल्याची बाब त्या पीठाच्या निर्णयात आलीच नाही. तिसऱ्याची फेरविचार याचिका आणि राष्ट्रपतींकडील दयेचा अर्जही नामंजूर झाला. अखेरच्या घटकेला त्याने नवी याचिका केली, म्हणून तो जिवंत राहिला. पहिल्याने तशी याचिका केली नव्हती.

४/
फेब्रुवारी १९८२ मध्ये या याचिकेचा निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने तिसऱ्याची फाशी रद्द करण्याची शिफारस राष्ट्रपतींना केली. ज्याला फाशी झाली होती त्याच्याविषयी चंद्रचूडांनी लिहिले, की त्याचे प्राक्तन मृत्यूनंतर एक धडा शिकवून जाते. परंतु त्या धड्याचा त्याला स्वतःला काहीही लाभ नाही, कारण तो आता मानवी न्यायासनांच्या कक्षेपलीकडे गेला आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने आपल्याच व्यवस्थेविषयी दिलेली इतकी स्पष्ट कबुली विरळाच.

५/
हे घडले त्याला व्यवस्थेचा एक जुना गुण कारणीभूत होता. खुनाला फाशी की जन्मठेप, ही निवड कायद्याने न्यायाधीशावर सोपवली आहे. मात्र ती निवड कशी करावी, यासंबंधीचा कायद्याचा कौल पाऊण शतकात उलटापालटा झाला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार खुनाला फाशी हा नियम होता. त्याहून सौम्य शिक्षा द्यायची तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. प्राण वाचवण्यासाठी समर्थन हवे, घेण्यासाठी नको, असा त्याचा अर्थ.

६/
१९५५ च्या दुरुस्तीने कारण लिहिण्याची ही अट काढून टाकली आणि दोन्ही शिक्षा एका पातळीवर आल्या. पुढे १९७३ ची नवी संहिता आली आणि पारडे पूर्ण फिरले. कलम ३५४(३) नुसार आता फाशी देताना ‘विशेष कारणे’ नमूद करणे बंधनकारक झाले. शिवाय कलम २३५(२) मुळे दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे स्वतंत्रपणे ऐकून घेणे आवश्यक ठरले. गुन्हा कोणी केला, हा एक प्रश्न. करणारा माणूस कोण आहे, हा दुसरा. कायद्याने प्रथमच हे दोन प्रश्न वेगळे केले.

७/
संविधानसभेतही हा विषय निघाला होता. फाशीच्या प्रत्येक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा काय, यावर जून १९४९ मध्ये चर्चा चालू होती. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले, की अशी खास तरतूद करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण अधिक अनुकूल आहोत. हा देश अहिंसेवर श्रद्धा ठेवणारा आहे. लोक ती आचरणात आणोत वा न आणोत, नैतिक आदेश म्हणून तिला मानतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. संविधानात मात्र फाशी रद्द झाली नाही. राष्ट्रपती व राज्यपालांचा दयेचा अधिकार तेवढा त्यात आला.

८/
फाशी हवी म्हणणाऱ्यांची बाजूही गंभीरपणे मांडली गेली. १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालात विधी आयोगाने सांगितले, की या देशाचा विस्तार, लोकसंख्येतील विविधता, शिक्षण आणि नीतिमत्तेच्या पातळीतील तफावत आणि सुव्यवस्थेची निकड पाहता फाशी रद्द करण्याचा प्रयोग भारताला परवडणारा नाही. पुढची जवळपास पन्नास वर्षे शासनाच्या भूमिकेला या अहवालाचा आधार राहिला.

९/
१९७२ मध्ये फाशीच्या घटनात्मकतेला पहिले मोठे आव्हान मिळाले ते जगमोहन सिंग खटल्यात. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्मन खटल्यात तिथली फाशीची प्रचलित पद्धत मनमानी ठरवून अवैध केली होती. तोच युक्तिवाद इथे झाला : कोणाला मारायचे आणि कोणाला ठेवायचे याचे निकष कायद्यात नसतील, तर समतेचे काय? पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आव्हान फेटाळले. अनुभवी न्यायाधीशाचा तारतम्यभाव आणि वरच्या न्यायालयाची तपासणी हेच पुरेसे संरक्षण आहे, असे पीठाचे मत होते. पिलिभीतच्या तिघांना हेच संरक्षण लाभले होते, हे इथे लक्षात ठेवावे.

१०/
१९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी राजेंद्र प्रसाद खटल्यात बहुमताने निराळी रेषा आखली : गुन्हा कितीही अघोरी असो, तो करणारा माणूस समाजाच्या सुरक्षिततेला कायमचा धोका असेल तरच फाशी. हे मत आणि १९७२ चा निर्णय यांचा मेळ बसेना. त्यामुळे प्रश्न पुन्हा पाच न्यायमूर्तींकडे गेला, आणि त्यातून ९ मे १९८० रोजी भारतीय फौजदारी न्यायातील एक सर्वांत परिचित निकाल आला : बच्चन सिंग विरुद्ध पंजाब राज्य.

११/
‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द आज वर्तमानपत्रांत रोज भेटतात. त्यांचा उगम हा. मात्र वापरून वापरून त्यांचा मूळ अर्थ झिजला आहे. गुन्हा फार क्रूर असला की तो दुर्मिळातील दुर्मिळ, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्या. सरकारिया यांनी लिहिले ते असे : जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, आणि जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बंद झाला असेल तेव्हाच अपवादाकडे वळावे. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार झालाच पाहिजे.

१२/
या खटल्यात न्यायालयाला साहाय्य करणारे ज्येष्ठ विधिज्ञ डॉ. वाय. एस. चितळे यांनी शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितींची एक यादी सुचवली होती. आरोपीचे कोवळे वा उतारवय, तीव्र मानसिक क्षोभ, दुसऱ्याच्या दबावाखाली केलेले कृत्य, मानसिक दौर्बल्य, पुन्हा हिंसा न करण्याची व सुधारण्याची शक्यता. बहुमताच्या निकालाने ही यादी उद्धृत करून तिला मोठे वजन दिले. यादीतील एक कलम विशेष मोलाचे : हा माणूस सुधारणार नाही, हे राज्याने पुराव्याने सिद्ध करावे. भार आरोपीवर नाही, राज्यावर.

१३/
पाचवे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना हेही पटले नाही. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विस्तृत भिन्नमताचा रोख असा : निकष कितीही बारकाईने लिहा, अखेरीस शिक्षा ठरते ती समोर कोणते न्यायाधीश बसले आहेत यावर. प्रत्येकाची मूल्यदृष्टी आणि जडणघडण निराळी. शिवाय फासावर चढतात ते बहुधा गरीब आणि निराधार. चांगला वकील ज्याला परवडतो तो सहसा तिथवर पोहोचत नाही. पिलिभीतच्या दुसऱ्या आरोपीला जन्मठेप देणाऱ्या पीठावर भगवती स्वतः होते. आपल्या जागी दुसरे कोणी असते तर काय झाले असते, याचे उत्तर त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

१४/
न्यायालयाने या काळात एक महत्त्वाची गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे केली. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०३ नुसार, जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याने खून केल्यास फाशी हीच एकमेव शिक्षा होती. एप्रिल १९८३ मध्ये मिठू खटल्यात चंद्रचूडांच्या घटनापीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. न्यायाधीशाला माणसाकडे पाहण्याची मुभाच न ठेवणारा कायदा न्याय्य असू शकत नाही, हे त्यामागचे सूत्र.

१५/
पण त्याच वर्षी दुसऱ्या दिशेने एक पाऊल पडले. मच्छी सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फाशीयोग्य गुन्ह्यांचे पाच वर्ग सांगितले : हत्येची रीत, हेतू, गुन्ह्याचे समाजविघातक स्वरूप, त्याची व्याप्ती आणि बळी पडलेल्या व्यक्तीचे स्वरूप. समाजाची सामूहिक विवेकबुद्धी हादरली असेल, तर ती न्यायालयाकडून फाशीची अपेक्षा धरील, असे त्यात म्हटले होते. पाचही वर्ग गुन्ह्याविषयीचे आहेत. गुन्हेगार कोण, हा बच्चन सिंग खटल्यातील अर्धा प्रश्न इथे मागच्या बाकावर गेला.

१६/
या सामूहिक विवेकबुद्धीला हसण्यावारी नेऊ नये. पुण्यात १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने दहा जणांचा बळी घेतला. संध्याकाळ झाली की शहर दारे लावून बसे. त्यातील चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली, तेव्हा न्याय झाला अशीच बहुतेकांची भावना होती. आजही ती पिढी तेच सांगते. घराघरांत शिरून माणसे मारणाऱ्यांचा समाजाला संताप येणे, ही समाज जिवंत असल्याची खूण आहे. फाशीविरोधी कोणत्याही युक्तिवादाला या संतापाशी प्रामाणिकपणे सामना करावा लागतो.

१७/
अडचण निराळीच आहे. संताप गुन्ह्याकडे पाहतो. समोर उभा केलेला माणूस खरोखर तोच आहे काय, आणि तोच असला तरी त्याच्या वाट्याला हीच शिक्षा का, हे त्याला दिसत नाही. ते पाहण्याचे काम न्यायालयाचे. तेही जेव्हा संतापाच्या नजरेने पाहू लागते तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे पुढे देतो. एक राजस्थानचे, एक आपल्या महाराष्ट्राचे.

१८/
राजस्थानातील एका खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटले, की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य महत्त्वाचे, गुन्हेगार नव्हे. हे बच्चन सिंग निकालाच्या थेट विरुद्ध होते, आणि पाच न्यायमूर्तींचा निर्णय दोघांना डावलता येत नाही. तरीही पुढच्या अनेक खटल्यांत याचाच आधार घेऊन फाशी कायम होत गेली. १३ मे २००९ रोजी महाराष्ट्रातीलच एका खटल्यात न्या. एस. बी. सिन्हा यांच्या पीठाने स्पष्ट केले, की १९९५ चा तो निर्णय बंधनकारक निकालाकडे दुर्लक्ष करून दिलेला, म्हणून चुकीचा होता.

१९/
तोपर्यंत तेरा वर्षे उलटली होती. १९९५ च्या त्या खटल्यातील आरोपीला मे १९९६ मध्ये, आणि त्या निर्णयाच्या आधारे शिक्षा झालेल्या राजस्थानातीलच दुसऱ्या एकाला एप्रिल १९९७ मध्ये फाशी झाली होती. जुलै २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना आवाहन केले : या दोघांच्या बाबतीत आता काही करता येणार नाही, परंतु त्याच चुकीच्या पायावर फाशी सुनावलेल्या आणखी तेरा जणांची शिक्षा कमी करावी. या तेरांत नाशिकच्या एका खटल्यातील आरोपीही होते. महाराष्ट्राचे उदाहरण ते हेच.

२०/
जून २००३ मधील एका रात्री दरोडेखोरांनी शेतातील झोपडीवर हल्ला केला. एका कुटुंबातील पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेपही वाढवून पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. १९९५ चा तो निर्णय चुकीचा ठरण्याच्या अवघे तेरा दिवस आधी.

२१/
फेरविचार याचिकांवर पुन्हा सुनावणी झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला. ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार भलत्याच व्यक्तींना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही आणि ही बाब दडपली गेली, असे न्यायालयाला आढळले. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी पोलिसांवर कारवाईचा आदेश झाला. तोवर तुरुंगात सोळा वर्षे गेली होती.

२२/
या निकालाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. त्या आईचे काय? तिने ज्यांना ओळखले त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. सहा फाशांचा निकाल लागला तेव्हा समाजाला न्याय झाल्यासारखे वाटले, आणि त्या समाधानात खऱ्या गुन्हेगारांचा शोध थांबला. चुकीच्या माणसाला दिलेली फाशी आरोपीवर अन्याय करते, तसाच बळी पडलेल्यांवरही करते. फाशीचा वाद ‘गुन्हेगाराची बाजू विरुद्ध पीडितांची बाजू’ असा मांडणाऱ्यांनी हा खटला मुळातून वाचावा.

२३/
ऑगस्ट २०१५ मध्ये न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात पस्तिसाव्या अहवालाची भूमिका सोडली. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे यांच्याशी संबंधित गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. जन्मठेपेहून फाशीचा धाक अधिक असतो याला आधार नाही, आणि ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ची कसोटी मनमानीतून मुक्त होऊ शकलेली नाही, हे त्यातील मुख्य मुद्दे. आयोगाच्या तीन सदस्यांनी असहमती नोंदवली. शिफारस कायद्यात उतरली नाही. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या तिहारमध्ये चौघांना फाशी झाली.

२४/
न्यायालयांनी दरम्यान कुंपण थोडे उंच केले आहे. जानेवारी २०१४ मध्ये दयेच्या अर्जावरील अवाजवी विलंब आणि तत्सम कारणांमुळे पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्याच वर्षी ठरले, की फाशीच्या खटल्यातील फेरविचार याचिका तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकावी. त्याआधी ती बंद दालनात कागदांवरूनच निकालात निघे. मे २०२२ मध्ये न्या. उदय लळित यांच्या पीठाने आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती खटल्याच्या पातळीवरच गोळा करण्याचे निर्देश दिले. चितळ्यांच्या यादीला कार्यपद्धती मिळायला बेचाळीस वर्षे लागली.

२५/
फाशी असावी की नसावी, याचे उत्तर प्रत्येक वाचकाने आपापल्या मनाशी द्यावे. इतिहास त्याआधीचा एक प्रश्न विचारतो : निवड कोण करते आणि ती चुकली तर काय? नाशिकचे सहा जण २०१९ मध्ये तुरुंगाबाहेर आले, कारण दहा वर्षांपूर्वी सुनावलेली फाशी तोवर अमलात आली नव्हती. ती आली असती, तर निर्दोषत्वाचा तोच निकाल त्यांच्या नातेवाइकांना वाचून दाखवावा लागला असता. पिलिभीतच्या पहिल्या कैद्याविषयी चंद्रचूडांनी लिहिलेले शब्द मग सहा वेळा पुन्हा लिहावे लागले असते.

धागा समाप्त.